तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला वेगळं टेंपरेचर मीटर

"डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा आहे की, मग आणखी एक मीटर कशाला? आणि लावायचंच झालं तर कुठलं घेऊ?" कार्बोरेटरची मारुती ८००, पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर अजून चालवणारे हमखास हे विचारतात. मीटर कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावर तासभर चर्चा होते आणि सेन्सर कुठे बसवायचा हे मेकॅनिकच्या मर्जीवर सोडलं जातं. डोकं चालवायचं ते या दुसऱ्या गोष्टीवर.

आधी पहिला प्रश्न. गाडीसोबत आलेल्या मीटरवर 'सी' (थंड) आणि 'एच' (गरम) असतात, आकडे नसतात. काटा मधोमध आहे म्हणजे ८० अंश की १०० अंश, हे कळायला मार्ग नाही. जुन्या मीटरमधली यंत्रणा सुस्त असते, काटा मागून येतो. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ओतीव लोखंडाचं, ते थोडंफार सोसतं. मारुती ८००चं हेड ॲल्युमिनियमचं. ते एकदा जास्त तापलं की वाकतं, त्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट जातं आणि पुढचा खर्च मीटरच्या कितीतरी पट होतो. काटा 'एच'ला टेकेपर्यंत थांबणं या इंजिनाला परवडत नाही.

मीटर दोन प्रकारचं मिळतं. मेकॅनिकलला वीज लागत नाही. टोकाला बल्ब, त्यात लवकर वाफ होणारा द्रव आणि तिथून मीटरपर्यंत अगदी बारीक धातूची नळी. ती कापता येत नाही, जोडता येत नाही. जास्तीची लांबी मोठे वेढे घालून बांधून ठेवायची. चिमटली किंवा तुटली की मीटर भंगारात. शिवाय अख्खा बल्ब फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, न्यायचा असल्यामुळे भोक मोठं पाडावं लागतं, त्याच्या कडेला ग्रोमेट म्हणजे रबरी कडं हवंच.

इलेक्ट्रिकल मीटर बसवायला सोपं, पण ते त्याच्या सेंडरशी, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या सेन्सरशी, जुळलेलं असतं. सेंडर तापला की त्याचा रोध कमी होतो. व्हीडीओ कंपनीच्या १२० अंशांपर्यंतच्या नेहमीच्या सेंडरचा रोध ४० अंशांना सुमारे २९० ओम, ९० अंशांना ५१ आणि १२० अंशांना २३ ओम भरतो. दुसऱ्याचा सेंडर या मीटरला लावलात तर काटा हलेल, पण भलताच आकडा सांगेल. गाडीच्या मूळ सेंडरवरच दोन्ही मीटर जोडण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, दोन्ही चुकतात. मूळ सेंडर, पंख्याचा स्विच आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, सेन्सर, या तिघांना हात लावायचा नाही.

गाडीत बसवण्याआधी घरीच तपासा. सेंडरचं टोक उकळत्या पाण्यात, त्याच्या पितळी अंगाला बॅटरीची निगेटिव्ह वायर. मुंबईत काटा १००वर यायला हवा. पुण्यात पाणी ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला, तेव्हा दोन अंश कमी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता जागा. सर्वांत उत्तम म्हणजे थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) आधी, हेडमधून गरम पाणी बाहेर पडतं तिथे. हेडवर किंवा मॅनिफोल्डवर पाण्याच्या वाटेत आधीच आट्यांचं भोक असेल आणि ते प्लग लावून बंद केलेलं असेल तर देवच पावला. नसेल तर थर्मोस्टॅट हाउसिंग काढून, जिथे भिंत जाड आहे तिथे इंजिनाच्या बाजूला आटे पाडून घ्या. सेंडरचे आटे एम १० बाय १ (मेट्रिक) असतील तर ९ मिमीचं ड्रिल, १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) असतील तर साधारण ८.६ मिमी. हाउसिंग गाडीवर असताना ड्रिल मारायचं नाही, बुरा थेट पाण्यात जातो. सेंडरचं टोक थर्मोस्टॅटला अडत नाही ना, तेही आधी बघा.

बहुतेक जण मात्र वरच्या होजमध्ये (इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या रबरी नळीत) ॲडॅप्टर टाकतात: ॲल्युमिनियमचा नळीचा तुकडा, मध्ये सेंडरचे आटे, दोन बाजूंना क्लिपा. काम तासाभराचं. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून घ्या, आणि होज जुना, कडक झालेला असेल तर नवा आणूनच कापा. या जागेच्या दोन खोडी आहेत. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे गरम पाणी येतच नाही, म्हणून सुरुवातीला काटा मेल्यासारखा पडून राहतो आणि मग एकदम चढतो. तो थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकला तर इंजिन तापत असतानाही मीटर थंड दाखवतं. दुसरी खोड अर्थिंगची. ॲडॅप्टर दोन्हीकडून रबरात अडकलेला असतो, इंजिनाच्या धातूशी त्याचा संबंध नाही. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. त्यामुळे ॲडॅप्टरपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर, दोन्ही टोकांना लग लावून, रंग खरवडून घट्ट आवळायची. "नवीन मीटर हलतच नाही" या तक्रारीत मी पहिली हीच वायर बघतो.

टी जोड वापरून सेंडर बाजूला काढणं टाळा. त्या आडोशाला पाणी फिरत नाही, आकडा कमी येतो.

आट्यांबाबत घाई नको. १/८ एनपीटी, १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) आणि एम १० बाय १ डोळ्यांना सारखेच दिसतात. एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या आट्यांत घातला तर दोन वळसे हाताने सहज जातात, मग अडतं, आणि पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. निमुळत्या आट्यांना टेफलॉन टेपचे दोनच वेढे, टोकाचे एकदोन आटे मोकळे सोडून. जास्त गुंडाळलं तर अर्थिंग अडू शकतं. सरळ आट्यांना टेप नाही, तांब्याचा वायसर.

वायरिंगचं फार काही नाही. प्लस इग्निशनवरून, मध्ये ३ अँपियरचा फ्यूज. दिव्याची वायर डॅशबोर्डच्या दिव्यांना. मीटरचं अर्थिंग बॉडीला. सेंडरची वायर स्पार्क प्लगच्या वायरींपासून आणि सायलेन्सरपासून लांब न्या. काटा पूर्ण गरमवर चिकटला तर ती वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. तळाशीच बसला तर कुठेतरी तुटली आहे किंवा सेंडरला अर्थिंग नाही. खात्रीसाठी सेंडरकडचं टोक काढून क्षणभर ब्लॉकला टेकवा: काटा वर गेला तर मीटर आणि वायर ठीक.

सगळं थंड असतानाच उघडायचं हे वेगळं सांगायला नको. पाणी काढलंत म्हणजे हवा शिरली. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं भरा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा आणि वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

मग आकडे. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असेल तर ८२ ते ९५ रोजचं. १०५ला गाडी बाजूला घ्या, मात्र रेडिएटर कॅप उघडू नका. ०.९ बारची धड कॅप असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर गेलेलं असेल तर शंभरीतच उकळतं. सिग्नलला चढून हायवेला उतरत असेल तर पंखा तपासा. सपाटीवर ठीक आणि घाटात किंवा वेगात चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला किंवा पाण्याचा पंप कमजोर.

चढता चढता काटा अचानक खाली आला तर मात्र हुश्श करू नका. पाणी सेंडरच्या खाली गेलं की त्याचं टोक हवेत राहतं आणि आकडा पडतो, इंजिन तिकडे कोरडं तापत असतं. तिथेच बंद करा. याउलट, गाडी बंद करून पाचदहा मिनिटांनी चावी फिरवल्यावर आधीपेक्षा आठदहा अंश जास्त दिसले तर ते नेहमीचंच: पंप थांबलेला असतो आणि हेडची गरमी पाण्यात उतरत असते. सुरू करून मिनिटभर थांबा, काटा आपोआप खाली येतो.