जिब्राल्टरची जाळी

सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३
ला लिनेआ, स्पेन

सकाळी ला लिनेआहून पायी निघालो आणि दोन तपासणी नाके ओलांडून जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशात शिरलो. स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा असल्याची खात्री मी आधीच करून घेतली होती, कारण तो एकाच प्रवेशाचा असता तर संध्याकाळी स्पेनमध्ये परतता आले नसते. माझ्या पारपत्राची पाने उलटली जात असताना कामावर निघालेले स्पॅनिश लोक नुसते ओळखपत्र दाखवून बाजूने भराभर पुढे जात होते.

नाका ओलांडताच विमानतळाची धावपट्टी आडवी येते. मोटारींसाठी यंदा मार्चमध्ये बोगदा सुरू झाला असला, तरी पादचारी अजून धावपट्टीवरूनच जातात आणि विमान येणार असले की फाटक पडते. समोर ४२६ मीटर उंचीचा चुनखडीचा कडा उभा असतो. सारा प्रदेश जेमतेम पावणेसात चौरस किलोमीटरचा. १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने तो घेतला आणि १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने स्पेनने तो ब्रिटनला दिला. वर जाऊन माकडे आणि सेंट मायकेलची गुहा पाहिली. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, पण माझे मन खाली सरहद्दीपाशीच राहिले होते.

मेन स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची बरीच जुनी दुकाने आहेत. अशाच एका दुकानात वयोवृद्ध मालकांशी हिंदीत बोलणे सुरू झाले आणि जून १९६९ चा विषय निघाला. १९६७ च्या सार्वमतात १२,१३८ जणांनी ब्रिटनच्या बाजूने आणि अवघ्या ४४ जणांनी स्पेनच्या बाजूने मत दिल्यानंतर दोन वर्षांनी स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने सरहद्दीची दारे बंद केली, पुढे दूरध्वनीही तोडले, आणि काही मिनिटांच्या अंतरावरच्या नातलगांना भेटायचे तर मोरोक्कोमार्गे जावे लागू लागले. सणासुदीला लोक कुंपणाशी जमत आणि वाऱ्यावर आवाज टाकून कोण जन्मले, कोण आजारी आहे, हे एकमेकांना सांगत. तान्ही मुले दोन्ही हातांनी उंच धरून आजी-आजोबांना दाखवीत. "आमचं इथे कुणी नातलग नव्हतं, तरी तिथे उभं राहवत नसे," असे काका म्हणाले. पादचाऱ्यांसाठी दार उघडले ते डिसेंबर १९८२ मध्ये, वाहनांसाठी १९८५ मध्ये.

मला माझी आजी आठवली. तिचे सासर बांद्याला आणि माहेर पेडण्याला, मध्ये पत्रादेवीचा नाका. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि तिची माहेरची वाट बंद झाली. तिची आई वारल्याचे तिला आठवड्याने कळले, तेही कुणाच्या तरी निरोपातून. गोवा मुक्त झाल्यावर ती पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा म्हणे घरात न शिरता आधी परसातल्या विहिरीपाशी जाऊन बसली. ही गोष्ट मी काकांना सांगितली. त्यांनी काही न बोलता माझ्यासाठी चहा मागवला.

परतताना सहा वाजून गेले होते. कामावरून घरी निघालेल्या लोकांच्या रांगेत मीही उभा राहिलो. माझ्या पुढच्या बाईंच्या हातात दुधाच्या बाटल्या होत्या आणि त्या पलीकडे वाट पाहणाऱ्या मुलाला हाक मारत होत्या. मुलाने हात केला. मी जाळीला हात लावला. दिवसभराच्या उन्हाने ती अजून तापलेली होती.