जळक्या लाकडावर उभी राहिलेली आमची फर्म

आमच्या फर्मचं पहिलं भांडवल म्हणजे जळकी लाकडं. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटानंतर मांडवी-मस्जिद बंदरच्या ढिगाऱ्यांतून निघालेल्या तुळया आजोबांनी सरपणाच्या भावानं उचलल्या आणि त्यातूनच आमचा धंदा उभा राहिला. आज आम्ही मुंबईच्या बंदरालगतच्या जुन्या इमारतींची लाकूडकामं दुरुस्त करतो. तिसरी पिढी म्हणून हा व्याप मी सांभाळते.

हा भाग आगीनंच वसवला म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, बाजारात मोठी आग लागली आणि त्यानंतर व्यापारी वस्ती कोटाबाहेर सरकत गेली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, त्याच्या शेजारी व्हिक्टोरिया डॉक आला, आणि दाणाबंदर, चिंचबंदर, कर्नाक बंदर या सगळ्या पट्ट्यात वखारींना वखारी खेटून उभ्या राहिल्या. खाली गाळे, वर राहती घरं, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट, माथ्यावर मंगलोरी कौलं.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि सोबत कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटत्या गाठी आणि तापलेलं लोखंड वखारींवर येऊन पडलं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या दिवशी आमचं काम बंद असतं. आजोबांनी घालून दिलेला हा नियम कुणी मोडलेला नाही.

पुढं सुमारे ८,००० माणसांनी सात महिने राबून पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा चालू झाली. गोदीमागच्या गल्ल्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना उभं राहायला वर्षं लागली, आणि त्या उभ्या केल्या मालकांनी, भाडेकरूंनी, कोकणातून आलेल्या सुतार-गवंड्यांनी. माझे आजोबा राजापूरकडचे. एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. ब्रह्मदेश १९४२ पासून जपानच्या ताब्यात, त्यामुळे बर्मा साग येणं बंद. लढाईमुळे लोखंडाचीही चणचण. छपरं घालायची तर लाकूड आणायचं कुठून?

त्याचं उत्तर ढिगाऱ्यातच होतं. वरून कोळसा झालेली तुळई आजोबांनी आडवी घातली आणि वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवला. काळे खवले उडाले, खाली तपकिरी करपलेला थर लागला, तोही तासला तेव्हा आत पिवळसर-सोनेरी साग, तेलाचा वास तसाच. बारा इंची तुळई नऊ इंची झाली होती, एवढंच. मोठ्या गाळ्याला ती पुरत नव्हती, पण लहान गाळ्याला हवी तेवढी मजबूत होती. सरपणाच्या भावानं घेतलेल्या त्या मालातून त्यांनी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, बांधल्या, वासे काढले, आणि तेव्हापासून ते स्वतःच्या नावावर कामं घेऊ लागले.

यामागचं शास्त्र मी सिव्हिल इंजिनिअरिंगला असताना शिकले, तेव्हा आजोबांबद्दलचा आदर दुप्पट झाला. सागासारखं घट्ट लाकूड आगीत मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळतं. वर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला धग लागू देत नाही. अर्ध्या तासाच्या आगीनंतर जाड तुळईच्या उघड्या बाजूंचे दीड-दोन सेंटिमीटर जातात, बाकीची तुळई भार पेलत उभी असते. लोखंडी गर्डर ५५०-६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतो, वाकतो, आणि तापून लांबताना भिंत बाहेर ढकलतो. ‘लाकडी म्हणजे धोकादायक, लोखंडी म्हणजे पक्कं’ हा समज मला अजून घरोघरी खोडून काढावा लागतो. पातळ फळ्या, प्लायवूड, जिन्याची कठडी भराभर पेटतात हे खरं, पण जाड तुळईला त्यांच्या पंक्तीत बसवू नये.

बाबांच्या काळात कामाचं स्वरूप बदललं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढला. पुढं १९६९ च्या कायद्यानं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर (जादा कर) आणि दुरुस्ती मंडळ आलं, बांधकामाच्या काळानुसार इमारतींचे अ, ब, क वर्ग पडले. १ सप्टेंबर १९४० ते ३१ डिसेंबर १९५० या काळातल्या इमारती ‘ब’ वर्गात. आमच्या भागातल्या ब वर्गाच्या इमारतीत शिरलं की बाबा आधी पोटमाळ्यावर चढत आणि तुळईच्या कडा बघत. वाकसाचे घाव आणि कोपऱ्यात राहिलेली काळी रेघ दिसली, की ती स्फोटानंतरची. त्या काळात सरसकट साग काढून गर्डर आणि स्लॅब घालायची पद्धत पडली होती. बाबांनी मोठी कामं सोडली, पण चांगलं लाकूड फेकलं नाही. त्यासाठी त्यांनी ओढगस्तीची वर्षं काढली आणि आईनं शिवणकाम करून घर चालवलं. हे मला लिहून ठेवायचंच होतं.

काही वर्षांपूर्वी मस्जिद बंदरच्या एका गल्लीत तीन मजली इमारतीला आग लागली. कारण नेहमीचं: पोटमाळ्यावर खच्चून माल, जुनी वायर, बंब आत शिरणार नाही अशी गल्ली. जीवितहानी झाली नाही, पण दुसऱ्या मजल्याचा कडीपाट काळाठिक्कर. सगळ्यांचा कल पाडण्याकडे होता. आम्ही पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावला नाही, खालच्या गाळ्यातली धान्याची पोती बाहेर काढायला लावली आणि टेकू दिले. आग विझल्यावरचा धोका पाण्याचा असतो. भिजलेली डाळ फुगते, मजल्यावरचा कोबा पाणी पितो, आणि आगीत टिकलेला मजला वजनानं खाली येतो.

मग एकेक तुळई. आधी हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा: टणक आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ. तिथं गिरमिटानं बारीक भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा सोनेरी भुसा म्हणजे जीव आहे, काळा-ओलसर म्हणजे नाही. जळका थर आणि त्याखालचा करपलेला भाग तासून उरलेल्या मापावर हिशोब मांडायचा. बहुतेक तुळया मधोमध शाबूत होत्या, भिंतीत शिरलेली टोकं मात्र गेली होती, आणि तीही आगीनं कमी, वर्षानुवर्षांच्या पावसाच्या गळतीनं जास्त. तेवढी टोकं कापून रे रोडच्या लाकूडबाजारातून आणलेलं जुन्या इमारतींचं सागवान तिरक्या सांध्यानं बोल्ट मारून जोडलं. भिंतीतल्या खोबणीत हवा खेळायला जागा ठेवली. लाकूड वाळेपर्यंत रंग-पॉलिश करू दिलं नाही. घाईनं ओल आत कोंडली, की वाळवीला आमंत्रण. भाडेकरू कंटाळले, रागावलेही, पण मजला टिकला आणि ते आपापल्या खोल्यांत परतले.

आता माझ्याकडे बाबांच्या वेळचे दोन मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताखाली नवी मुलं. वाकस धरायला शिकवणं सोपं, आवाज ओळखायला शिकवणं कठीण, म्हणून पहिले काही महिने त्यांना फक्त ठोकायला लावते. अलीकडे लाकूडकामासोबत वायरिंगचीही अट घालतो: तारा धातूच्या नळीतून, तुळईला खिळा मारून नाहीत, जिन्याखाली मीटरबोर्डाशेजारी माल नाही, खोटं छत नाही, कारण त्याच्या आड ठिणगी दिसत नाही. जिना लाकडी आणि एकुलता एक असेल, तर तो मोकळा ठेवण्याचं सोसायटीकडून लेखी घेतो. हे मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही, मग ते कितीही मोठं असो.

सध्या चिंचबंदरला एका जुन्या वखारीचं छप्पर हाती घेतलंय. कौलं उतरवली, तेव्हा सहापैकी चार कैच्यांवर ती काळी रेघ सापडली. त्या चारही जागेवर राहतील. बाकी दोघींची टोकं बदलून पावसाआधी कौलं चढवायची आहेत.