माउंट मेरूचा बेत: जादा दिवस कुठे घालावा?

आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. टांझानियातल्या माउंट मेरूची चाल सुरू होते ती साधारण १,५०० मीटरवरच्या मोमेला गेटपासून. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जिथे संपतो, जवळपास तिथून पुढे आणखी तीन हजार मीटर चढायचं. शिखर ४,५६२ मीटर. (नाव ऐकून पुराणातला मेरू आठवतो, पण इथे राहणाऱ्या लोकांनाही मेरूच म्हणतात.)

अरुशा नॅशनल पार्कातला हा ज्वालामुखी डोंगर ‘किलिमांजारोची रंगीत तालीम’ म्हणून विकला जातो आणि बेत तिथेच फसतो. तालीम म्हटलं की माणूस दिवस कापतो. मेरूवर कापायला दिवस नाहीतच.

मुक्कामांचा हिशोब बघा. पहिली रात्र मिरियाकांबा हट, २,५१४ मीटर. दुसरी सॅडल हट, साधारण ३,५७० मीटर. त्याच रात्री शिखराकडे कूच. रोज हजारेक मीटर उंची वाढते. तीन हजारांच्या वर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा सर्वमान्य नियम इथे सरळ मोडतो.

कंपन्या तीन दिवसांचं आणि चार दिवसांचं अशी दोन पॅकेजं देतात. चार दिवसांचं घेतलं की विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. दोन्हींत चढण अगदी सारखी, चौथा दिवस उतरताना खर्च होतो. तीन दिवसांत शिखरावरून थेट मोमेलापर्यंत एका दमात तीन हजार मीटर उतरावं लागतं, चार दिवसांत मध्ये मिरियाकांबाला मुक्काम मिळतो. तो दिवस गुडघ्यांचा आहे, फुप्फुसांचा नाही. गुडघ्यांसाठी तो घ्यावाच. पण उंचीचा त्रास होणारी प्रकृती असेल, तर पाचवा दिवस मागून घ्या आणि तो चढताना, सॅडल हटवर घाला. कोटेशनमध्ये रात्रवार मुक्काम लिहून मागितले की कुठला दिवस कुठे आहे ते लगेच कळतं.

पाचवा दिवस जमत नसेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी लिटल मेरू टाळू नका. सॅडल हटपासून अडीचशे मीटर वर, ३,८२० मीटरची ही टेकडी. जेवल्यावर पाय ओढत जावं लागतं आणि ‘रात्रीसाठी ताकद राखू’ म्हणून लोक बंकवर आडवे होतात. उलट, उंच जाऊन खाली झोपण्याची एवढीच संधी या वाटेवर आहे. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. नुसती डोकेदुखी बरेच जण निभावतात. सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र सकाळ होण्याची वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

बंदूकधारी रेंजर सक्तीचा आहे. खालच्या कुरणात आणि जंगलात रानम्हशी आणि हत्ती असतात. फोटोसाठी रेंजरच्या पुढे धावू नये. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. रेंजर हा तुमचा खासगी गाईड नव्हे, बऱ्याचदा दोन-तीन गट मिळून एकच असतो. त्यामुळे वेग सगळ्यांत हळू माणसाचा. कंपनीचा गाईड वेगळा, स्वयंपाकी आणि पोर्टर वेगळे. पार्क फी, हट फी, रेस्क्यू फी, रेंजर फी आणि वरचा १८ टक्के व्हॅट दरात धरलाय का, हे ओळीओळीने विचारा. गेटवर रोख चालत नाही.

पोर्टरला द्यायची बॅग १५ किलोच्या आत बसवा. तंबू न्यायचा नाही, हटमध्ये बंक आणि गाद्या आहेत. स्लीपिंग बॅग मात्र शून्याखाली चालणारी हवी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कपडे बांधायची आपली सवय इथे सोडा. १ जून २०१९ पासून टांझानियात त्यांवर बंदी आहे, कापडी पिशव्या आणा. शाकाहारी असाल तर स्वयंपाक्याला स्वाहिलीत सांगा: ‘सिली न्यामा’, म्हणजे मी मांस खात नाही. सूपचं वेगळं विचारा. चपाती तिथेही चपातीच. उंचीवर भूक मरते, म्हणून खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खाकरे असू द्यावेत.

आता शिखराची रात्र. सॅडल हटवरून निघायचं रात्री एकच्या सुमाराला, माथ्यावर पोचायला पाच तास धरा. पहिला तास नागमोडी चढ, मग ऱ्हायनो पॉइंट, ३,८०० मीटर. इथून वाट थोडी खाली उतरते आणि लोकांचा धीर खचतो, कारण कमावलेली उंची हातची जाते. पुढे विवराच्या काठाची धार: कुठे कातळावर हात टेकून, कुठे राखेच्या घसाऱ्यातून. डाव्या हाताला काळोख असतो तो सगळा विवराचा. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी डोंगराची पूर्व बाजू कोसळली, तिथे ही पोकळी उरली; मोमेलाची तळी त्या कोसळलेल्या मलब्यावरच आहेत. परतताना उजेडात कडा आणि आतला राखेचा सुळका दिसतो आणि रात्री आपण कुठून चाललो ते समजतं. शेवटची राख १९१० मध्ये उडाली. उंचीची भीती असणाऱ्याने हे आधीच गाईडला सांगावं.

तीन लिटर पाणी लागतं. हायड्रेशन बॅगची नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे ढकललं तर जरा टिकते. त्यापेक्षा बाटली बरी, आणि तीही उलटी ठेवायची. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे बाटलीच्या बुडाशी, आणि झाकण मोकळं राहतं. फोन आणि हेडलॅम्पचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाला लागून. हातमोजे दोन थरांचे.

राख रात्री गोठून घट्ट असते, बूट छान धरतात. नऊनंतर ऊन लागलं की तीच वाट पिठासारखी होते. उतरताना टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून, काठ्या आखडून न घेता लांब करून चला. गेटर (बुटाच्या तोंडावर बांधायची कापडी पट्टी) नसतील तर दर अर्ध्या तासाने बूट झाडावे लागतात. न झाडल्यास ती राख मोज्याला काचपेपरासारखी घासते आणि टाचेला फोड येतात.

हंगाम जून ते ऑक्टोबर, नाहीतर डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड टांझानियात मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिकीट काढतानाच थांबा मोजा.

लगोलग किलिमांजारो असेल तर मध्ये एक पूर्ण दिवस अरुशा शहरात मोकळा ठेवा. बूट धुवून वाळायलाच तेवढा लागतो.