दिशाफलकांच्या आराखड्यावर सूचना नोंदवताना: माझा अनुभव

रुग्णालय, बस स्थानक आणि न्यायालयाकडे नेणारे नवे दिशाफलक लावण्याचा प्रारूप आराखडा आमच्या महापालिकेने तयार केला आणि त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कोणत्या चौकात माणसे रोज रस्ता चुकतात, हे तिथल्या दुकानदारांइतके आणि रिक्षाचालकांइतके कोणालाच ठाऊक नसते.

जाहीर सूचनेत ‘आराखडा कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध’ असे छापले होते. प्रत्यक्षात तो कोणाच्या ताब्यात आहे हेच कोणी सांगेना. क्षेत्रीय कार्यालयाने मला पथ विभागाकडे पाठवले, पथ विभागाने हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाचे असल्याचे सांगितले, आणि तिथे ‘आम्ही फक्त जाहिरातींचे फलक पाहतो, वाहतूक पोलिसांकडे जा’ असे उत्तर मिळाले. मुदत मात्र सरत होती. जो नकाशा दाखवतच नाहीत त्यावर हरकत कशी नोंदवायची, याचे उत्तर एकाही टेबलावर नव्हते, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. माहिती अधिकारातील अर्जाच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे तोवर सगळे आटोपलेले असते. शेवटी मी आयुक्तांना पत्र दिले: माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) नुसार जनतेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांमागील वस्तुस्थिती प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते, तेव्हा आधी नकाशा दाखवावा आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. त्यानंतर नकाशा पथ विभागाच्याच कपाटातून निघाला व मुदतही वाढली. असे पत्र देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

सुनावणी सुरळीत झाली. रुग्णालयाचा फलक ऐन वळणावर दाखवला होता; वाहनचालकाला वेळेत बाजूला येता यावे म्हणून तो वळणाच्या बराच अलीकडे हवा, हे मान्य झाले. सूचना लिहिताना ‘चौकाजवळ’ असे मोघम न म्हणता विजेच्या खांबाचा क्रमांक द्यावा. जागेचे फोटो रात्रीही काढावेत, कारण परावर्तक पृष्ठभाग खराब झालेला फलक दिवसा वाचता आला तरी वाहनाच्या दिव्यांत उजळत नाही. वाहतूक चिन्ह जाहिरातीने झाकले गेले असेल, तर तक्रारीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ चा उल्लेख करावा.

पादचाऱ्यांसाठी कमी उंचीवर, मोठ्या अक्षरांत वेगळे फलक लावण्याची माझी दुसरी सूचना कारण न देता फेटाळण्यात आली. ते कारण मी लेखी मागितले आहे.