खडू का ओढत नाही?

"एवढा कुटाणा करता, त्यापेक्षा मुंग्याइचा खडू काहून नाई वढत?" मी डब्यात टॅरंटुला पाळतो. मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या टेबलाच्या चार पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या चार वाट्या दिसल्या की घरी आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. मामा विचारतात, दूधवाला विचारतो, ज्याच्या दुकानातून मी औषधं आणतो तो कृषी केंद्रवालाही विचारतो. तो विचारतो तेव्हा मला खरंच राग येतो, कारण त्याला उत्तर माहीत असायला हवं.

खडूत डेल्टामेथ्रिनसारखं विष असतं. कपाशीवर आपण सायपरमेथ्रिन मारतो, तेही त्याच कुळातलं. ते किड्याच्या नसांवर काम करतं, आणि कांतिणीच्या, म्हणजे कोळ्याच्या, नसांवरही तसंच करतं. डब्यातली टॅरंटुला ही मोठी कांतीनच. ती चव पायांनी घेते, म्हणजे भुकटी आधी तिच्या पायांनाच लागणार. फवारणी करून आलेल्या दिवशी मी तिच्या डब्याला हातसुद्धा लावत नाही. लेकराला तरी आपण तसंच उचलतो का?

दुसरा प्रश्न: "किडे खानारी कांतीन मुंग्याइले भेते?" पूर्वी मलाही हेच वाटायचं. एवढी मोठी, दातांची, केस उडवून खाज आणणारी; मुंगी हिचं काय करणार? एरवी फारसं करतही नाही. पण कात टाकताना ती उताणी पडते. तासन् तास. पाय जुन्या कातीत अर्धे अडकलेले, नवे दात पांढरे आणि मऊ. त्या वेळी ती काहीच करू शकत नाही.

त्या जूनमध्ये भाव येईल म्हणून कापूस पुढच्या खोलीतच भरलेला होता. पहिला पाऊस दणकून पडला, काळ्या मातीच्या भेगा पाण्यानं भरल्या, आणि लाल मुंग्या अंडी तोंडात धरून भिंती चढायला लागल्या. ती सकाळपासून उताणी होती. रात्री लाइट गेली. टॉर्च मारली तर एका वाटीतल्या पाण्यावर कापसाच्या तुसाचा थर बसलेला, आणि त्यावरून रांग थेट झाकणाच्या भोकांपर्यंत गेलेली. आत पंधरा-वीस मुंग्या असतील. नव्या पायांच्या सांध्यांना चिकटल्या होत्या. ते पाय भिजवलेल्या शेवयांसारखे होते, आणि ते तिला हलवता येत नव्हते.

कात टाकताना हात लावायचा नाही, असं सगळे जाणकार सांगतात. मी लावला. मुलीच्या रंगपेटीतला ब्रश ओला करून एकेक मुंगी उचलली. टॉर्च आईनं धरली होती. आई दर शनिवारी मुंग्यांच्या बिळाशी पीठ-साखर टाकते. ती म्हणाली, "मारू नको रे, नुसतं झटक. त्याइच्या घरात पानी शिरलं." मी मारल्या. मग डबा हळूच परातीत ठेवून परात पाण्यानं भरली आणि तिथंच बसलो. पहाटे कात सुटली, पण मागचा एक पाय कातीतच राहिला.

तो मुंग्यांनी गेला की माझ्या ब्रशानं, हे मला सांगता येत नाही. नागपूरचा मित्र, ज्यानं ती मला दिली, तो म्हणतो डबा नुसता पाण्यात ठेवायचा होता, आतल्या आत मुंग्या गेल्या असत्या. कशा गेल्या असत्या? मी समोर बसून ते बघायचं होतं का? कधी वाटतं त्याचंच बरोबर असेल. पुढच्या कातीला तिथं नवा पाय आला, बारीक, पण चालतो.

आता पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकतो. मुंगी पाण्यावर तरंगत नाही आणि डासही होत नाहीत. कापूस घरात असेल तेव्हा वाट्या सकाळ-संध्याकाळ बदलतो. झुरळ खाऊन तिनं टाकलेला चोथा त्याच रात्री चिमट्यानं काढतो, कारण मुंग्यांना बोलावतो तो. टेबलाच्या पायांना व्हॅसलिन लावून पाहिलं. मे महिन्यात आमच्याकडे ते पातळ होऊन ओघळतं.

आईशी मात्र वाद संपलेला नाही. मुंग्यांनी काय वाईट केलं, हे ती विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. पीठ टाकायची जागा मी गोठ्यापलीकडे हलवली, त्याचा तिला अजून राग आहे, आणि तो मला चुकीचा वाटत नाही.

मृग लागायच्या आत झाकणाच्या भोकांवर बारीक स्टीलची जाळी बसवायची आहे, जिच्यातून लाल मुंगी जाणार नाही अशी. अमरावतीत कुठं मिळते हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा.