गाडीलाही कूलर?

गाडीला कूलर कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपूरला फोन लावला की एकजण तरी विचारतोच, "पोर्श घेतली अन् तिलाही कूलर बसवावा लागला?" मोठ्या काकांनी तर "वाळा कुठून आणलास?" म्हणून पाहिलं.

गाडी १९८२ ची पोर्श ९११ एससी. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तेही मागच्या चाकांच्या मागे, आणि ते गार ठेवायला पाण्याचा थेंब नाही. ९११ ला पाणी मिळालं ते १९९७ मध्ये, तिचंच ९९६ नावाचं नवं मॉडेल आलं तेव्हा. तोवर सगळा कारभार पंख्याच्या हवेवर आणि तेलावर. म्हणून तर साध्या मोटारीत चार-पाच लिटर तेल लागतं तिथे हिच्यात दहाच्या वर जातं. इंजिनपाशी एक ऑइल कूलर, म्हणजे तेल गार करणारा, कंपनीचाच असतो. दुसरा पार पुढे, उजव्या मडगार्डच्या पोटात. माझ्या गाडीत हा दुसरा म्हणजे नुसती दुमडलेली नळी होती. ट्रॉम्बोन या पितळी वाद्यासारखी दिसते म्हणून तिला ट्रॉम्बोनच म्हणतात. थंड मुलखात तेवढी पुरते. मी राहतो अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये. इथे २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. चार सिग्नल लागले की तेलाचा काटा तांबड्याकडे निघायचा.

म्हणून ट्रॉम्बोन काढून तिथे बारीक पात्यांचा, रेडिएटरसारखा कूलर आणि त्याला विजेचा पंखा. जुन्या नळ्या पाझरत होत्या, त्याही बदलायला घेतल्या. एका शनिवारचं काम, असं मी घरी सांगितलं होतं.

तीन शनिवार एका नटाने खाल्ले. मागच्या उजव्या चाकाजवळ थर्मोस्टॅट असतो, तेल तापलं की पुढच्या कूलरची वाट उघडणारा. त्याचं घर ॲल्युमिनियमचं, नळीचा नट लोखंडी. चाळीस वर्षांत दोघं एकजीव झालेले. गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर ठेवलं, टॉर्चने तापवलं, एका पान्याने घर धरून दुसऱ्याने जोर लावला. हलेना. आणखी जोर लावायची हिंमत नव्हती, कारण अशा वेळी आधी ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात आणि थर्मोस्टॅट भंगारात जातो. शेवटी नळ्या टाकायच्याच होत्या म्हणून छोट्या ग्राइंडरने नट उभा कापत नेला, आट्यांपर्यंत कागदभर धातू उरला तिथे थांबलो आणि खाचेत छिन्नी घालून पिळली. टक् असा आवाज झाला. तो आवाज मी बायकोला फोनवरून ऐकवू शकलो नाही याचं अजून वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट काढूनच टाक, असा सल्लाही मिळाला. ऐकू नका. गार तेल जाड राहतं आणि त्यात धरलेला ओलावा उडून जात नाही.

कूलर बसला, तरी काटा हवा तेवढा उतरेना. हे कोडं मात्र नागपूरकराला सुटायला हवं होतं. घरी कूलर लावला की आई समोरची खिडकी उघडायची. नाहीतर नुसती दमट हवा कोंडते. इथेही तेच. बंपरमधून हवा आत येत होती, पण मडगार्डच्या अस्तराने तिची बाहेरची वाट अडवली होती. अस्तराला चाकाच्या बाजूने खिडकी पाडली.

पहिल्या फेरीनंतर दाराखालच्या नळीवर हात ठेवून बसलो. थंड, थंड, आणि एकदम चटका. थर्मोस्टॅट उघडला होता.

एक चूक सांगायलाच हवी. या गाडीचं तेल इंजिन गरम, चालू आणि जमीन सपाट असताना बघतात. मी सकाळी बंद गाडीची डिपस्टिक पाहिली, कोरडी दिसली, दोन लिटर ओतलं. जास्तीचं तेल हवेच्या वाटेने इंजिनात गेलं आणि गल्लीभर निळा धूर. शेजारी पाण्याचा पाइप घेऊन धावत आला.

आता ऑगस्टमध्येही काटा मधल्या घरात असतो. गाडीतला एसी नावापुरताच आहे, पण त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.