चार लांब दातांची कवटी

नाना पेठेत बाबांचं रेडियमचं दुकान. नंबरप्लेट, रिक्षांच्या मागचं 'आईचा आशीर्वाद', आणि बुलेटच्या टाकीवर कवटी. कपाळ मोठं, डोळ्यांच्या खोबणी तिरक्या, खाली चार लांब दात. कटिंगचं मशीन यायच्या आधी ती मी ब्लेडने हाताने कापायचो. दातांमधल्या फटी सगळ्यात अवघड, ब्लेड जरा घसरलं की अख्खा तुकडा वाया. ती कवटी कोणाची, हे मलाही माहीत नव्हतं आणि गिऱ्हाइकालाही.

एका रविवारी जुन्या बाजारात मुखपृष्ठ फाटलेलं एक इंग्रजी कॉमिक हाती लागलं. आतल्या माणसाच्या छातीवर माझीच कवटी! असा मला मार्व्हल कॉमिक्समधला पनिशर भेटला. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

त्याच्या जन्माची गोष्ट मला कारागीर म्हणून फार जवळची वाटते. लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीतले. स्पायडरमॅनच्या १२९व्या अंकासाठी, म्हणजे फेब्रुवारी १९७४च्या, त्यांना एक मारेकरी हवा होता. त्यांनी स्वतःच चित्र काढलं, छातीवर छोटीशी कवटी घातली. मार्व्हलचे चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती छातीभर मोठी केली आणि दात थेट कमरेपर्यंत ओढून त्यांचाच काडतुसांचा पट्टा केला. इतकी वर्षं मी दात समजून कापत होतो, ती काडतुसं होती. हे कळलं त्या रात्री मी जुना कागदी साचा काढून बराच वेळ बघत बसलो. 'पनिशर' हे नाव सुचवलं मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी.

पुढची बारा वर्षं तो बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या अंकांतला पाहुणाच राहिला. १९८६मध्ये लेखक स्टीव्हन ग्रँट आणि चित्रकार माइक झेक यांनी त्याची स्वतःची छोटी मालिका केली आणि ती चालली. १९८७पासून मासिक सुरू झालं. नव्वदीच्या सुरुवातीला त्याची तीन-तीन मासिकं एकाच वेळी निघत होती. १९९५पर्यंत तिन्ही बंदही पडली.

लोकांना त्याच्या बंदुका आवडल्या असतील. मला तो फ्रँक कॅसल दिसतो. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, बायको-मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गेलेला आणि तिथल्या गुंडांच्या गोळीबारातून एकटाच जिवंत राहिलेला. ज्याला न्याय मिळाला नाही अशा माणसाची ती कवटी आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या पोलिसांनी ती मिरवावी हे कॉनवेंना पटत नसे. २०१९च्या एका अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरचा तो स्टिकर फाडतो.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण दुकानात आला. जाकिटाखाली खाकी शर्ट होता. "दादा, पांढऱ्या रेडियममध्ये ती कवटी मारा." मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि फोनवर ते पान दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं. "त्याची पोरं केवढी होती?" एवढंच विचारलं.

"लहान होती," मी म्हणालो.

चहा संपवून तो गेला. आठवड्याने त्याची गाडी रास्ता पेठेत उभी दिसली. टाकीवर कवटी होती, दुसरीकडे कापून घेतलेली. दात आखूड होते, पट्ट्यापर्यंत पोचतच नव्हते.